भुंगा

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा मागे पडल्यावर माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथल्या खंडोबाची देवस्वारी निघते आणि एरवी निवांत असलेल्या माळावर गावंच्या गावं उतरतात. दिवसा जत्रा जनावरांची. घोडे, गाढवं, उंट, तांबडी लाल कंधारी, ठिपक्यांची देवणी गुरं. त्या वेळी तुम्ही भुंग्याला शोधायला गेलात तर तो दिसणार नाही. तो जुन्या टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात, मावशीच्या उशाशी झोपलेला असतो.

त्याचं काम रात्रीचं. तमाशाचे फड सुटतात, कनातीतून माणसांचा लोंढा बाहेर पडतो, ढोलकी कानात घुमत असते आणि कुणालाच लगेच पथारीवर जाऊन पडायचं नसतं. गारठा हाडांत शिरत असतो. खिशात चार पैसे असतात, शेजारी मित्र असतात, आणि उद्या सकाळी जो विचार आडवा येईल तो अजून जागा झालेला नसतो. नेमक्या त्या वेळी रांगेच्या शेवटच्या पालातून आवाज येतो. घुंऽऽऽ.

गोंदायची मशीन आहे ती. पण ती चालवणाऱ्या मावशीच्या लहान नातवानं तिचं नाव भुंगा ठेवलं आणि तेच रुळलं.

त्याचं अंग पितळेचं, तळहातात मावेल एवढं. तांब्याच्या बारीक तारेची दोन रिळं, वर पोलादाची पट्टी, पट्टीला लांब सुई, आणि सुई डुगडुगू नये म्हणून दोन रबरबँड. बॅटरीची वीज आली की रिळांचं लोहचुंबक होतं आणि ते पट्टीला खाली ओढतं. पट्टी खाली गेली की वरच्या स्क्रूपासून सुटते, वीज तुटते, चुंबक विरतं, पट्टी उसळून वर येते आणि पुन्हा वीज जोडली जाते. जुनी कर्रकन वाजणारी दारावरची बेल ह्याच युक्तीवर चालायची. हे सगळं एका सेकंदात शंभरेक वेळा घडतं, म्हणून तर तो गुणगुणतो. स्क्रूच्या टोकाशी बारीक निळी ठिणगी फुटत राहते. दिव्याच्या उजेडात ती कळत नाही, पण जनरेटर बंद पडला आणि पालात अंधार झाला तेव्हा मी ती पाहिली आहे. काजव्यापेक्षाही लहान.

भुंग्याचं आजोळ दूरचं. एडिसननं १८७५ साली कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढायचं विजेचं पेन केलं. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं १८९१ मध्ये त्याच धर्तीवर गोंदायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे रिळांची यंत्रं आली आणि फिरत फिरत त्यातलं एक माळेगावच्या माळापर्यंत पोचलं. पण मावशीच्या हातात तो आला तेव्हा तिथं आधीच एक परंपरा बसलेली होती. तिच्या सासूकडे यंत्र नव्हतं. दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या सुया, दिव्याच्या काजळीत पाल्याचा रस कालवून केलेली शाई, आणि पोरगी रडू नये म्हणून गळ्यातून निघणारं गाणं, एवढंच भांडवल. सुयांनी तुळस काढायला दुपार सरायची. भुंगा तीच तुळस दहा मिनिटांत काढतो. गाणं मात्र गेलं. त्याच्या गुणगुणीतच आता सगळं भागवावं लागतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते आणि उजव्या हातावर तुळशीवृंदावन. आमच्या घरात भिंतीवर देवाच्या कॅलेंडरशिवाय चित्र म्हणून काही नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा टक लावून पाहिलेलं चित्र म्हणजे ती तुळस. हात हलला की पानं हलायची. आजी म्हणायची, मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण कुणाला काढता येत नाही. ती गेली तेव्हा आईनं तिच्या पाटल्या उतरवल्या आणि मी त्या तुळशीकडे बघत बसलो.

म्हणून कुणी कलेच्या बाजाराविषयी बोलायला लागलं की मला भुंगा आठवतो. ज्या माणसाच्या घरात चित्र टांगायला धड भिंत नाही, तो मध्यरात्री थंडीत उभा राहून, घासाघीस करून, आपल्या पैशानं एक चित्र विकत घेतो आणि ते मरेपर्यंत सांभाळतो. चित्र विकणाऱ्याला याहून सच्चं गिऱ्हाईक कुठलं मिळणार?

मावशीच्या पालाबाहेर नमुन्यांचा पुठ्ठा टांगलेला असतो, वर प्लास्टिकचा कागद. घोड्यावरचा खंडोबा, विंचू, त्रिशूळ, मोर, बाण घुसलेला बदाम, ‘आई’, ‘जय भीम’, शिवराय. लोक पुठ्ठ्यापुढे बराच वेळ घालवतात. बोट एका चित्रावरून दुसऱ्यावर जातं, परत पहिल्यावर येतं. मावशी घाई करत नाही. भुंग्याला मधूनच एकदा घुंऽ करून बंद करते, एवढंच.

त्याचे स्वभाव तिला पाठ आहेत. बॅटरी उतरली की तो अडखळतो आणि रेघ तुटक येते. फार वेळ चालला की तापतो. मग ती त्याला ओल्या फडक्याशेजारी निजवते. कोपराच्या आत, मनगटाच्या हाडावर तो टोचरा होतो. दंडावर मवाळ. सुई आत जाते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. कातडीचा वरचा पापुद्रा झडतच असतो, तिथं शाई टिकत नाही. खालच्या थरात शरीराच्या पेशी तिला परकी समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि तशाच बसून राहतात. एक पेशी मेली की तिच्यातला कण दुसरी उचलते. काळी शाई वरच्या कातडीतून निळसर-हिरवी दिसते. आजीची हिरवी तुळस अशी साठ वर्षं पेशींनी एकमेकींच्या हाती सोपवत जपली होती.

भुंग्याची एक बाजू धोक्याची आहे आणि ती लपवून चालणार नाही. एकच सुई दहा जणांना लागली तर कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही एका हातातून दुसऱ्या हातात जातात. शाईच्या एकाच वाटीत सगळ्यांसाठी सुई बुडवली तरी तेच. मावशी आता बंद पाकिटातली सुई गिऱ्हाइकासमोर फोडते, शाई टोपणात थेंबभर वेगळी काढते. सगळीच पालं हे करत नाहीत. तुम्ही जत्रेत हात पुढे कराल तेव्हा आधी पाकीट मागा. मागायला लाजू नका.

आणि भरतीची तयारी करणारी पोरं. लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी शेकडो पोरं दिसतात, त्यांतली काही रात्री इथं येतात. सैन्यात कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. छातीवर किंवा दंडावर मैत्रिणीचं नाव कोरून घेतलेला पोरगा वैद्यकीय तपासणीत अडकतो. मावशी विचारते, “दादा, भरतीला जायचंय का? मग दंडाव नको.” पोरगा हो म्हणाला की ती भुंग्याला खाली ठेवते. त्या वेळचे पैसे बुडतात. तिच्याबद्दल मला जो आदर आहे त्याचं अर्धं कारण हे आहे.

गेल्या खेपेला फड सुटल्यावर बऱ्याच उशिरा एक म्हातारा आला. डोक्याला फेटा, अंगावर घोंगडी, बोटांना दोराचे घट्टे. पुठ्ठ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

“घोडी काढता यील का?”

“देवाचा घोडा हाय की मामा, त्या वरच्या रांगेत.”

“देवाचा नगं. माझी. कपाळाव चांद हाय तिच्या.”

दुपारी सौदा झाला होता. घोडी घेणारा पहाटे टेंपो लावणार होता. मामा बोलत गेले आणि मावशी पेनानं त्यांच्या हातावर काढत गेली. मान जरा लांब. नाही, तेवढी नाही. कान आत वळलेले. पुढचा उजवा पाय पांढरा. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं. मग भुंगा उठला. मामांनी हात सैल सोडला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि जनावरांच्या बाजाराच्या दिशेनं, अंधारात बघत राहिले. कपाळावरचा चांद म्हणजे शाई न लागलेली जागा. मावशीनं भुंग्याला त्याच्याभोवती इतक्या हळू फिरवलं की आवाजसुद्धा बदलल्यासारखा वाटला.

“नाव लिवू का खाली?”

“कशाला? मला वाचता येत नाही. अन् तिलाबी.”

रक्ताचे बारीक थेंब टिपून मावशीनं हळद लावली. मामांनी कनवटीला बांधलेली भंडाऱ्याची पुडी सोडली आणि देवळातला भंडारा वरून आणखी चिमूटभर टाकला. पैसे मोजून दिले, कमी करायला सांगितलं नाही.

भुंगा टॉवेलात गेला. पंधरा दिवसांपूर्वी तो दत्तजयंतीला माहूरला होता. आता महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत डबा उघडेल. उजाडत होतं. बाजाराकडून टेंपोची फळी आपटल्याचा आवाज आला, मग टापांचा, मग पुन्हा फळीचा. मामा हात घोंगडीबाहेर धरून तिकडे चालत गेले.