चौदा घरांची फेरी

जून २०२४च्या अखेरीस रतन टाटांनी इन्स्टाग्रामवरून मुंबईकरांकडे रक्त मागितलं, सात महिन्यांच्या एका कुत्र्यासाठी. गोचीडतापाचा संशय होता आणि अंगातलं रक्त जिवावर बेतण्याइतकं कमी झालं होतं. दाता कसा हवा तेही त्यांनी लिहिलं होतं. वय एक ते आठ, वजन पंचवीस किलोच्या आसपास किंवा जास्त, लसी आणि जंतांचं औषध झालेलं, निदान सहा महिने गोचीडतापापासून दूर. टाटा तेव्हा ८६ वर्षांचे होते. दाते मिळाले.

पहिल्यांदा रक्त चढवताना कुत्र्याचा रक्तगट जुळला नाही तरी बहुतेक वेळा निभावतं. परक्या रक्ताशी झगडणारी द्रव्यं त्याच्या अंगात सहसा जन्मतः नसतात, ती नंतर तयार होतात. दुसऱ्या खेपेला मात्र जुळणी पाहावीच लागते. पहिल्या भेटीत परक्याला आपलं म्हणणारं हे रक्त आहे.

गोचीड रक्त पिऊन मसुराएवढी फुगते तेव्हा नजरेला पडते; तोवर गोचीडतापाचा एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात उतरलेला असू शकतो. तो पांढऱ्या पेशींत ठाण मांडतो, प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. सोबत बबेसिया हा परजीवी असेल तर तांबड्या पेशीही फुटतात आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. एर्लिकियावरची डॉक्सिसायक्लीन गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळते. पण ती साधारण २८ दिवस रोज, पोटात अन्न असताना द्यावी लागते. दुधातून, पनीरमधून नाही, कारण कॅल्शियम औषधाला अडवतं. अंडं किंवा चिकनचा तुकडा चालतो. हे रस्त्यावर कसं जमणार? आजारी कुत्रं गाडीखाली दडतं, गोळी थुंकतं, दुसऱ्या दिवशी सापडतच नाही. औषध स्वस्त आहे, महाग आहे ती महिनाभराची जागा. ती देणाऱ्याला हल्ली सगळे ‘फॉस्टर’ म्हणतात.

टाटा पारशी होते, आणि पारशी आणि मुंबईची मोकाट कुत्री यांचं नातं जुनं आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारली जात; १८३२ साली दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. ६ जूनला कुत्री मारणारे शिपाई फोर्टात फिरताना पाहून पारशी त्यांच्यावर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, इस्माइलीही सामील झाले, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली गेली आणि शेवटी फौज आणावी लागली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. भुलेश्वरच्या गर्दीत ती आजही आहे.

दंगलीमागचा संताप कुठून आला ते वेंदिदाद हा पारशी धर्मग्रंथ चाळला की उमगतं. कुत्रं पिसाळलं तर श्रद्धावान माणसावर करतात तसेच उपचार त्याच्यावर करून पाहावेत, असं त्यात सांगितलं आहे. पंधराव्या प्रकरणात तर फॉस्टरचा कायदाच आहे. गाभण कुत्री वाटेत पडली आहे, तिला सांभाळायचं कुणी? ज्याची जागा सर्वांत जवळ, त्याने. कुठवर? पिल्लं स्वतःचं रक्षण करू लागतील, पोट भरू लागतील तोवर. आणि ते ओळखायचं कसं? आसपासच्या दोन वेळा सात, म्हणजे चौदा घरांभोवती ती धावत फिरू लागली की! दयेची मुदत इतक्या नेमकेपणाने ठरवणारा तो कोण पुरोहित होता, देव जाणे. त्याने कुत्री पाळलेली असणार, यात शंका नाही.

आजच्या फॉस्टरला अशी फेरी मोजता येत नाही, तो प्लेटलेट मोजतो. रस्त्यावरचं कुत्रं फ्लॅटमध्ये आलं की पहिले काही दिवस बहुधा पलंगाखाली काढतं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, पंख्याकडे डोळे लावून बसतं, जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. मग एका सकाळी वाटी चाटूनपुसून साफ होते आणि घरातल्यांना दत्तकाची जाहिरात लिहायचा धीर होईनासा होतो. तरी लिहावी. एक कुत्रं गेलं की त्या जागी दुसऱ्याचे २८ दिवस सुरू होतात.

जाहिरातीला फोन येतात ते पिल्लासाठी, गोऱ्यागोमट्यासाठी. आजारातून उठलेलं मोठं गावठी कुत्रं मागे राहतं. म्हणून त्याचा आजार झाकायचा मोह होतो आणि तो फार वाईट. एर्लिकिया महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. अधूनमधून रक्त तपासावं लागणार, हे नेणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे. कुत्रं दाखवण्याआधी त्याच्या आजाराची फाइल वाचायला द्यावी. ती वाचूनही ज्यांचा पुढचा प्रश्न ‘जिने चढतं का हो?’ असा असतो, त्यांच्याकडे पाठवायला हरकत नसते.