585 वर कोण बोलतंय?

मध्यमलहरींवर दूरचं केंद्र ऐकू येतं, यात ऐकणाऱ्याचं कर्तृत्व फारसं नसतं. सूर्य मावळला की ते आपोआप येतं. ज्यांच्या घरी मर्फी नाहीतर बुशचा रेडिओ होता, त्यांनी रात्री पुणे केंद्र लावताना मध्येच अरबी, फारसी किंवा कुठली तरी न कळणारी भाषा ऐकलेली असणार. वडीलधारी माणसं 'स्टेशन सरकलं' म्हणायची आणि काटा हलवायची. आम्ही काही मंडळी मात्र काटा तिथंच ठेवतो. बोलणारा कोण, कुठून बोलतोय, हे पक्कं होईपर्यंत जागचे उठत नाही. जगभर या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. रात्रीचा वेळ मी साताऱ्याजवळच्या घरी या कामात घातला. ऐकण्यापेक्षा ओळखणं अवघड, आणि गंमत सगळी त्या ओळखण्यातच आहे, असं माझं मत आहे.

आपल्याकडे मध्यमलहरींचा पट्टा 531 ते 1602 किलोहर्ट्झ. तरंगलांबीत सांगायचं तर साधारण 565 मीटरपासून 187 मीटरपर्यंत. 1975 साली जिनिव्हात युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी वाटणी झाली, 1978 च्या नोव्हेंबरात ती अमलात आली. दोन जागांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर ठरलं. त्यामुळे आपला प्रत्येक आकडा नऊच्या पाढ्यातला असतो. मुंबई 1044 आणि 558, पुणे 792, सांगली 1251, नागपूर 585. अंकांची बेरीज करत गेलात की शेवटी नऊच उरतात. (हे वर्गात सांगितलं की एखादा तरी विद्यार्थी हळूच ग्रहताऱ्यांचा विषय काढायचा.) अमेरिका खंडात हे अंतर 10 चं आहे. पाढ्याप्रमाणे मोजलं तर आपल्या पट्ट्यात जागा भरतात जेमतेम 120, आणि केंद्रं त्याच्या कित्येक पट. म्हणजे एका जागेवर अनेकांनी बसायचं. दिवसा ते चालतं, रात्री भांडणं लागतात.

दिवसा चालतं याचं कारण आकाशात आहे. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर, उन्हामुळे, विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो. त्याला डी थर म्हणतात. वर जाणाऱ्या मध्यमलहरी तो शोषून घेतो. जमिनीलगत जाणाऱ्या तेवढ्या उरतात आणि केंद्र आपल्या आसपासच्या जिल्ह्यांपुरतं राहतं. सूर्य गेला की डी थर काही मिनिटांत विरतो. मग लहरी आणखी वर, शंभरेक किलोमीटरवरच्या ई थरापर्यंत आणि त्याच्याही वरच्या एफ थरापर्यंत पोचतात आणि तिथून खाली वळतात. एका उडीत हजार-दोन हजार किलोमीटर सहज. असा थर असावा, असा तर्क 1902 मध्ये केनेली आणि हेविसाइड यांनी मांडला होता. पुरावा मिळाला 1924 च्या डिसेंबरात. ॲपल्टन यांनी बीबीसीचं बोर्नमथ केंद्र रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर वापरायला घेतलं, त्याची लहर किंचित कमी-जास्त करायला लावली आणि ऑक्सफर्डला बसून ती मोजली. पुढे याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्रा यांनी या विषयात आयुष्य घातलं. वरच्या वातावरणावरचा त्यांचा 1947 चा ग्रंथ जगभर वापरला गेला. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, हे मला खटकतं.

आता 585 कडे येऊ. या जागेवर आकाशवाणी नागपूर, रेडिओ पाकिस्तानचं इस्लामाबाद आणि सौदी अरेबियाचं रियाध असे तिघं. रात्री साडेनऊ-दहाला माझ्याकडे हे तिघं रहाटाच्या पोहऱ्यांसारखे वर-खाली होत असतात: एक भरून वर आला की दुसरा बुडालेला. गाणं चाललं असेल तर भाषेवरून निभावतं. पण कुराणपठण सुरू असेल तर? ते इस्लामाबादहून येऊ शकतं, रियाधहूनही. अशा वेळी निवेदक तोंड उघडेपर्यंत थांबणं आलं.

भाषेपेक्षा मला घड्याळाचा भरवसा अधिक. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि हा अर्धा तास आमच्या फार उपयोगाचा. पाकिस्तान, अमिराती, ओमान, सौदी, कुवेत, बांगलादेश, थायलंड, चीन या सगळ्यांचे तास आपल्या घड्याळात 'साडे'ला पडतात. इराण, अफगाणिस्तान, म्यानमार आणि श्रीलंका यांचे तास मात्र आपल्याबरोबरच. नेपाळचा तास आपल्या पाऊण वाजता: तिथं सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पावणेसात. त्यामुळे खरखरीतून भाषा कळली नाही, पण वेळेचे ठोके किंवा बातम्यांची सुरावट नेमकी साडेनऊला आली, तर निम्मी यादी तिथंच गळते. पाऊण वाजता ठोके पडले तर नेपाळशिवाय दुसरं नाव घ्यायला नको. नव्या माणसाला मी आधी हे शिकवतो. एरियलचं नंतर बघू म्हणतो.

दुसरा धागा सूर्याचा. दोन्ही टोकांमधला सगळा रस्ता अंधारात असावा लागतो. कलकत्त्यात आपल्यापेक्षा तासभर आधी सूर्य मावळतो, कुवेतमध्ये पावणेदोन तास उशिरा. 1134 या आकड्यावर कलकत्त्याजवळच्या चिन्सुऱ्याचा 1000 किलोवॅटचा प्रक्षेपक वर्षानुवर्षं होता आणि त्याच आकड्यावर कुवेतही. दिवेलागणीला तिथं बंगाली येई. अरबी मिसळायला लागे ती बऱ्याच उशिरा. पहाटे उलट. बंगाल उजाडला की कलकत्ता ओसरे आणि आपल्याकडे तांबडं फुटेपर्यंत कुवेतला मोकळं रान मिळे. म्हणून पूर्वेकडची केंद्रं संध्याकाळी शोधावीत आणि पश्चिमेकडची पहाटे. ज्याला पहाटे उठवत नाही, त्याने आखातातल्या केंद्रांची फार आशा धरू नये.

तरीही कान फसतात. 1933 साली हॉलंडमध्ये टेलेगेन हे स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत होते आणि त्यामागे त्यांना लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू येत होता. दोघांच्या लहरी अगदी वेगळ्या, रेडिओत दोष नाही. वाटेत लक्झेंबर्गच्या प्रचंड ताकदीने वरचा थरच डिवचला जात होता आणि तिथून जाणाऱ्या स्विस लहरीवर लक्झेंबर्गचा आवाज उमटत होता. याला आजही लक्झेंबर्ग परिणाम म्हणतात.

ऐकलं हे पुरेसं नाही, ते सिद्ध करावं लागतं, हे या छंदात पहिल्यापासून आहे. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी पॉल गॉडली नावाच्या माणसाला स्कॉटलंडला धाडलं. समुद्रकाठच्या आर्ड्रोसन गावी, थंडीपावसात, एका शेतात तंबू ठोकून तो बसला. बाहेर शेकडो फूट लांब तार जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणलेली. ही बेव्हरेज नावाच्या अभियंत्याची युक्ती. सोबतीला आर्मस्ट्राँगने काढलेल्या सुपरहेटरोडाइन जातीचा संच. पलीकडे कनेक्टिकटमधल्या ग्रिनिच इथं साधारण एक किलोवॅटचं 1बीसीजी हे हौशी केंद्र. ते उभारणाऱ्यांत खुद्द आर्मस्ट्राँगही होता. लहर सुमारे 230 मीटर, म्हणजे आजच्या हिशेबात 1300 किलोहर्ट्झच्या आसपास. इतक्या आखूड लहरीवर अटलांटिक ओलांडता येईल, यावर त्या काळच्या जाणत्यांचा विश्वास नव्हता. गॉडलीला मोर्समधून पूर्ण संदेश मिळाला. पण शेजारी बसायला मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक मुद्दाम साक्षीदार म्हणून आणलेला होता, हे मला त्या सगळ्या प्रकारात जास्त मोलाचं वाटतं.

त्या तारेचे वंशज आज फिनलंडच्या उत्तर टोकाला सापडतात. इनारी सरोवराच्या परिसरात, आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच वर, फिनिश मंडळी जंगलातून किलोमीटरभर लांबीच्या तारा टाकतात: एक अमेरिकेच्या दिशेने, एक जपानकडे. डिसेंबरात तिथं सूर्य उगवतच नाही, तेव्हा दिवसाही केंद्रं येत राहतात. सूर्यावर वादळ झालं तर उत्तरेकडचा रस्ता बंद पडतो आणि मग दक्षिण अमेरिका वर येते. आता संगणकाला जोडलेले संच अख्खा पट्टा एकदम मुद्रित करून ठेवतात. नंतर घरी जाऊन तासाच्या आगेमागेची मिनिटं तेवढी ऐकायची, कारण अमेरिकेत दर तासाच्या सुमारास केंद्राने आपलं नाव सांगावं असा कायदा आहे. पद्धत फार कार्यक्षम आहे. पण काटा हाताने फिरवताना जी धाकधूक होते ती त्यात नाही, आणि मी जुन्या वळणाचा आहे.

आपल्याकडे जंगलही नको, किलोमीटरभर तारही नको. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी दांडी असते, तेच त्याचं एरियल. दांडीचं टोक ज्या दिशेला रोखाल तिकडचं केंद्र दबतं. जवळचं केंद्र दिवसा असं जवळजवळ पुसून टाकता येतं. रात्री लहरी वरून येतात म्हणून इतकं साफ जमत नाही, पण 585 वर तिघांतला एक मागे सारायला पुरतं. याहून हवं असेल तर मीटरभर बाजूची लाकडी चौकट करा, तिच्यावर एनॅमलच्या तारेचे आठेक वेढे द्या आणि टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर जोडा. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सामान मिळतं. रेडिओला काही जोडायचं नाही. चौकट शेजारी ठेवून गँग फिरवला की मेलेलं केंद्र उठून बसतं.

आमचा शत्रू आता आकाशात नाही, घरात आहे. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपचे अडॉप्टर, छपरावरच्या सौर पॅनेलचे इन्व्हर्टर या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि तिचे पडसाद नेमके मध्यमलहरींत पडतात. स्वस्त मालात ते गाळणारे भाग वाचवलेले असतात. युरोपात जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी केंद्रांनी 2015 च्या अखेरीला मध्यमलहरी सोडल्या. आपल्याकडेही एकेक प्रक्षेपक बंद होतो आहे. नागपूरच्या 1566 वरून 1000 किलोवॅटच्या ताकदीने रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी आता नाही. लोक याचं दुःख करतात, मीही करतो. पण बंद झालेल्या मोठ्या केंद्राखालून एखादं लहान केंद्र वर येतं, तेव्हा डीएक्सरचा फायदाच होतो. चार्जरच्या गोंगाटाखालून काहीच वर येत नाही. लोडशेडिंगला सगळे शिव्या देत, तेव्हा मी सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर धावत असे.

वाचकांना सांगणं एवढंच. पावसाळ्यातल्या विजांची खरखर दिवाळीपर्यंत निवलेली असते, रात्री मोठ्या होतात. या छंदाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. अडचण फक्त आकाशकंदिलाची आणि दिव्यांच्या माळांची. भाऊबीज झाली की माळा उतरवा, चार्जर भिंतीतून काढा, माळ्यावरच्या ट्रान्झिस्टरमध्ये नवे सेल घाला आणि सूर्य मावळताना 1602 कडून खाली यायला लागा. जे लागेल त्याचा आकडा, वेळ आणि भाषा एका वहीत लिहा. नाव कळलं नाही तर साडेपर्यंत थांबा.