पांढऱ्याचं करडं

सध्या मला एकच नाद लागलाय: पांढरं पांढरंच कसं दिसेल? कॅमेऱ्यातला मीटर भोळा. समोर काहीही असो, ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो उजेड मोजतो. म्हणून दिवेघाटातल्या वारकऱ्यांचे शुभ्र सदरे तो मळकट करतो आणि काळ्या म्हशीला उगाच उजळ! यावर उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा: पांढऱ्यासाठी एखादा स्टॉप वर, म्हशीसाठी खाली. वर नेलं की हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे सरकतो. तो कडेला आपटला नाही म्हणजे झालं. आपटला आणि सदरा पुरता जळाला, म्हणजे नुसता पांढरा झाला, तर त्यावरच्या चुण्या एडिटिंगमध्ये ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाहीत. सावलीतलं मात्र बरंच काही निघतं, विशेषतः रॉ फाइलमधून. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. फरक तिथेच पडतो. सॅच्युरेशनच्या वाटेला मी फारशी जात नाही. ते वाढवलं की हिरवंगार शेत प्लास्टिकचं दिसायला लागतं.

नव्याने शिकत असाल तर डार्कटेबल आणि गिम्प ही एडिटिंगची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आधी त्यांवर हात बसू द्या, महागड्या लेन्सचं नंतर बघू.