सिल्फ्राचें पाणी आणि गोमुखींतला हात

आईसलंड हें नांव ऐकतांच बर्फ आणि ज्वालामुखी या दोन परस्परविरुद्ध वस्तु डोळ्यांपुढें उभ्या राहतात. गेल्या वर्षीं मे महिन्यांत तेथें जाण्याचा योग आला, तेव्हां या दोहोंच्या संगमांतून निघालेलें एक अपूर्व पाणी पाहावयास मिळालें. त्या पाण्याचें थोडें वर्णन करावें, आणि त्यानें माझ्या दहा बोटांना जो धडा शिकविला तोहि वाचकांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रेक्याविक या राजधानीपासून सुमारें ५० किलोमीटरांवर थिंगव्हेट्लिर नांवाचें विस्तीर्ण मैदान आहे. इ. स. ९३० मध्यें आईसलंडची 'आल्थिंग' ही लोकसभा येथेंच उघड्या आकाशाखालीं भरूं लागली, आणि १७ जून १९४४ रोजीं प्रजासत्ताकाची घोषणाहि येथेंच झाली. उत्तर अमेरिका व युरेशिया यांचे भूपट्ट या भागांत दर वर्षीं सुमारें दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकत आहेत. या ओढाताणींत जमिनीला ज्या भेगा पडल्या, त्यांतलीच एक जलपूर्ण भेग म्हणजे सिल्फ्रा. लांगयोकुल नांवाच्या हिमराशीचें वितळलेलें पाणी सच्छिद्र लाव्ह्यांतून झिरपत, कित्येक दशकें वाट चालून येथें प्रगट होतें. तें इतकें निर्मळ कीं शंभर मीटरांवरचा खडकहि स्पष्ट दिसावा. आणि इतकें थंड कीं बारा महिने त्याची उष्णता २ ते ४ अंश सेंटिग्रेडच्या पुढें जात नाहीं.

पाण्याखालीं जाण्याची विद्या मीं मालवणच्या समुद्रांत शिकलों. तेथें पाणी कोंबट आणि हात उघडे. पुढें जर्मनींत नोकरीस असलेल्या पुतण्याच्या आग्रहानें, अंगास पाणी लागूं न देणाऱ्या कोरड्या पोशाखाची परीक्षाहि एका तलावांत दिली. पण ती ऐन उन्हाळ्यांत, पातळ हातमोजे घालून. सिल्फ्राच्या कांठावर मात्र सात मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे मोजे हातीं आले. ते चढविल्यावर माझीं बोटें केळ्यांच्या फणीसारखीं दिसूं लागलीं, आणि छातीवरचें साधें बक्कल सांपडेना. पुतण्या म्हणाला, "काका, आतां बोटें विसरा आणि पंजानें काम करा."

आमच्या मार्गदर्शक बाई मोठ्या अनुभवी होत्या. त्यांनीं प्रथम कारण समजावून सांगितलें. पाणी हें हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें अंगांतील ऊब ओढून नेतें. असें झालें कीं शरीर काटकसरी गृहस्थाप्रमाणें वागूं लागतें : हृदय व मेंदू यांचें रक्षण करण्यासाठीं बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. मग स्पर्शज्ञान मंदावतें, सांधे ताठरतात, आणि बोटें हलविणारे जे स्नायु कोपराखालीं असतात तेहि गारठून सुस्त होतात. मोजा पातळ घ्यावा तर हात लवकर बधिर होतो. जाड घ्यावा तर हात उबदार राहतो, परंतु त्यास कांहीं कळत नाहीं. शिवाय निओप्रीनची ऊब त्यांतल्या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांत असते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, आणि जाड मोजाहि पातळ होतो.

यावर त्यांचे उपाय अगदीं साधे होते. हात गार होण्यापूर्वींच मोजे चढवावे, व आंत थोडें ऊन पाणी ओतावें. हाताची शेगडी छातींत आहे, म्हणून अंगांत लोंकरीचे थर व डोक्यास टोपी हीं आधीं पाहावीं. बक्कलें जमिनीवरच आंवळून घ्यावीं, चिमट्यांचे आंकडे मोठे घ्यावे, बारीक खिटीला दोरीचा फांसा बांधावा, आणि प्रत्येक वस्तु रोज एकाच जागीं ठेवावी. अखेरीस डोळे मिटून, मोजे घालून प्रत्येक झडप व प्रत्येक बक्कल हातानें शोधावयाचें. ही उजळणी त्यांनीं आमच्याकडून तीन वेळां करून घेतली. तिसऱ्या वेळीं मला ती पोरकट वाटली, हें कबूल करावयास हवें.

मोह कसा होतो पाहा! लोखंडी जिन्यापाशीं पोंचल्यावर त्या निळाईचें एक छायाचित्र घ्यावें म्हणून मीं मोजे काढले. बोचऱ्या वाऱ्यांत पांच मिनिटें गेलीं. पुन्हां मोजे चढविले तेव्हां आंतलें ऊन पाणी सांडून गेलें होतें आणि बोटें आधींच गारठलीं होतीं.

पाण्यांत उतरल्यावर प्रथम कशाचेंच भान राहिलें नाहीं. दोन्ही बाजूंस काळे कडे, मधून निळा प्रकाश, आणि आपण जणुं अंतराळांत तरंगत आहों! वीसएक मिनिटें अशीं गेलीं. मग तळ चढूं लागला, आणि त्याबरोबर मीहि वर जाऊं लागलों. वर जातांना दाब कमी होऊन पोशाखांतली हवा फुगते, ती फुगली कीं माणूस अधिकच वेगानें वर जातो. आणि वेगानें वर येणें हें पाणबुड्याच्या जिवावरचें असतें. ती हवा सोडण्याची झडप डाव्या दंडावर असते. मीं ती पिरगळूं लागलों, पण ती फिरते आहे कीं माझीं बोटेंच घसरताहेत, हें कळेना! छातींत धस्स झालें. त्या क्षणीं बुद्धि कामास आली असें म्हणवत नाहीं. कोपर आपोआप वर गेलें, उजव्या हाताचा अख्खा तळवा झडपेवर दाबला गेला, आणि बुडबुड्यांची माळ सुटली. मी स्थिर झालों. कांठावरची ती पोरकट उजळणीच माझ्या हातानें केली होती.

बाहेर आल्यावर कोकोचा पेला मिळाला. तो मीं दोन्ही हातांनीं घट्ट धरणार, तोंच बाईंनीं अडविलें : बधिर हाताला चटका कळत नाहीं, ऊब हळूहळू येऊं द्यावी.

घरीं परतल्यावर हा वृत्तान्त सर्व मंडळींस सांगितला. मातोश्री नेहमींप्रमाणें देवघरापाशीं बसल्या होत्या, उजवा हात गोमुखींत. त्यांचीं बोटें आतां संधिवातानें वांकलीं आहेत. हात झांकलेला, दृष्टि अधू, मध्येंच नातवंडांचा गलका. तरी माळेचा मेरु आला कीं हात आपसूक थांबतो व माळ उलटी फिरते. लहानपणापासून पाहिलेलें हें दृश्य मला त्या दिवशीं प्रथमच नीट दिसलें. न दिसणाऱ्या आणि जेमतेम कळणाऱ्या कामांत हाताला आधार असतो तो रोजच्या संवयीचा, आणि ती संवय निवांत वेळींच लावून घ्यावी लागते.

मीं हें त्यांस बोलून दाखविलें. जप संपवून त्यांनीं माळ डोळ्यांस लावली, माझा हात हातांत घेतला, आणि एकेक बोट दाबून पाहत विचारलें, "तें राहूं दे. आतां सगळीं कळतात ना?"