पाल्मा ते मेनोर्का : सोळा मिनिटांचा हिशेब

घरात मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह असेल तर तो उघडून बसा. स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात बालेआरिक बेटे दिसतील. त्यांत सर्वांत मोठे मायोर्का आणि त्याच्या पूर्वेला, किंचित वर, मेनोर्का. दोन्ही स्पेनचीच.

मायोर्काचा विमानतळ पाल्मा शहराजवळ आहे, मेनोर्काचा माओ शहराजवळ. दोघांत अक्षांशाचा फरक ०.३१ अंश, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. रेखांशाचा फरक १.४८ अंश. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, पण उत्तरेकडे जावे तसा तो आक्रसत जातो. इथे तो ८५-८६ किलोमीटरचाच उरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर साधारण १२७ किलोमीटर. आता शाळेतले पायथागोरसचे प्रमेय लावा. उत्तर येते सुमारे १३१ किलोमीटर.

या मार्गावर धावणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. त्या हिशेबाने सोळा मिनिटे पुरेत! पण वेळापत्रकात पाऊण तासाच्या आसपास वेळ दिसतो. त्यात लबाडी नाही. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणे, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, वळसा, पुन्हा जागेवर येऊन उभे राहणे, हे सगळे त्यात धरलेले असते. शिवाय विमानतळावर तासभर आधी पोचायचे ते वेगळेच.

मेनोर्काची वस्ती सुमारे एक लाख. बेटांची संसद, तिथले उच्च न्यायालय, विद्यापीठाचे मुख्य आवार आणि सोन एस्पासेस हे मोठे रुग्णालय मात्र पाल्मात. रेल्वे नाही, पूल नाही. मग विमान ही चैन कशी म्हणायची? स्पेन सरकारनेही तसे मानलेले नाही. तिथल्या रहिवाशांना बेटांमधल्या विमानभाड्यात २०१७ पासून ७५ टक्के सवलत आहे. शंभर युरोच्या तिकिटाला पंचवीस मोजायचे, बाकीचे सरकार भरते. रहिवासी असल्याची नोंद मात्र हवी. कंपन्यांनी मूळ भाडेच फुगवले तर सवलत त्यांच्याच खिशात जाईल, म्हणून या मार्गांवर भाड्याला कमाल मर्यादाही घातली आहे. आम्हा कारकून मंडळींना ही दुसरी अट पहिलीइतकीच मोलाची वाटते.

तरी एक गंमत राहतेच. मेनोर्काचे एक मोठे शहर सिउतादेया अगदी पश्चिम टोकाला, म्हणजे मायोर्काच्या बाजूला आहे. विमानतळ मात्र पूर्वेला. त्यामुळे तिथल्या माणसाने आधी चाळीसेक किलोमीटर उलट्या दिशेने जायचे, विमानात बसायचे आणि आपल्याच बेटाच्या अंगाने परत पश्चिमेकडे यायचे. बोटीने जावे तर ती सिउतादेयाहून मायोर्काच्या उत्तरेकडील अल्कुदिया बंदराला लागते, तिथून पाल्मा रस्त्याने आणखी पन्नासेक किलोमीटर. वर उत्तरेचा वारा सुटला की बोटीचा भरवसा नाही. सकाळी दहाला पाल्मात डॉक्टरांनी बोलावले असेल, तर सिउतादेयाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवस उजाडण्याआधीच घर सोडावे लागते.