साबरमतीचा काठ आणि थ्रॉसल खाते

२३ सप्टेंबरला वडोदऱ्याच्या संकल्पभूमीवर अभिवादन केले की आमची मंडळी सहसा रात्रीच्या गाडीने परत फिरतात. या वेळी एक दिवस जास्तीचा काढून आम्ही अहमदाबादला गेलो. आम्ही म्हणजे वस्तीतल्या अभ्यासिकेतली पाच मुले-मुली आणि आम्ही दोघे कार्यकर्ते.

संध्याकाळी साबरमतीच्या काठावर पोहोचलो तेव्हा मुलांचे मोबाईल खाली येईनात. पाण्यात दिवे उतरलेले, सरळसोट पायवाट, पतंगाच्या आकाराचा रंगीत अटल पूल. एक मुलगी म्हणाली, "दादा, आपली मिठी नदी अशी कधी होणार?" आम्हालाही तो काठ आवडला होता, हे कबूल करून टाकतो. नाल्याच्या कडेला लहानाचे मोठे झालेल्या माणसाला स्वच्छ काठावर बसायला मिळणे ही छोटी गोष्ट नाही. त्यामुळे जे सुंदर ते सगळे भांडवलदारांचे कारस्थान, असे म्हणून आम्हाला मोकळे होता येत नाही.

पण हा काठ आला कुठून?

हे गिरण्यांचे शहर. पहिली कापड गिरणी १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी सुरू केली आणि पुढे अहमदाबादला भारताचे मँचेस्टर म्हणू लागले. १९८० आणि ९० च्या दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि सुमारे एक लाख कामगार रस्त्यावर आले. भोंगे थांबत असतानाच, १९९७ मध्ये, महानगरपालिकेने रिव्हरफ्रंटसाठी कंपनी स्थापन केली. नदीचे पात्र दोन्ही बाजूंनी भिंती घालून आवळले गेले आणि सुमारे २०२ हेक्टर नवी जमीन तयार झाली. २०१२ मध्ये काठ लोकांसाठी खुला झाला. आता तिथे पतंगोत्सव होतो, फुलांचे प्रदर्शन भरते. पश्चिम काठाजवळ टागोर हॉल आणि ल कार्बुझिए यांनी आराखडा केलेले संस्कार केंद्र आधीपासून होतेच. गिरण्यांच्या शहराला संस्कृतीचे शहर म्हणून नवी ओळख मिळाली. काठावर दिसणारे पाणीही साबरमतीचे नाही. ते नर्मदेच्या कालव्यातून येते आणि वासणाच्या बंधाऱ्याने अडवून ठेवले जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपासून दूर पूर्वेला, गोमतीपूरच्या एका चाळीत गेलो. आमच्या ओळखीतल्या कार्यकर्त्याचे वडील तिथे राहतात. वय सत्तरीच्या पुढचे, छातीचा त्रास, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. काका थ्रॉसल खात्यात होते, म्हणजे सूतकताईच्या विभागात. आमच्यातल्या एकाने विचारले, "काका, विणकामात का नाही गेलात? तिथे पगार जास्त होता ना?" काका हसले. हिंदी-गुजराती मिसळून म्हणाले, "बेटा, आम्ही गेलो नाही असे नाही. आम्हाला घेत नव्हते."

कारण आपल्या वाचकांना मुंबईवरून माहीत आहे. धोट्यात सूत ओवताना विणकर ते तोंडाने ओढून घेई. धागा तुटला की पुन्हा तोंड लावावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला सवर्ण तोंड लावणार नाही, म्हणून जास्त पगाराचे विणखाते अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली होती. अहमदाबादेतही विणकाम इतरांचे आणि सूतकताई दलितांची, हीच वाटणी होती. पाण्याची भांडीसुद्धा वेगळी.

आणि हे अहमदाबाद म्हणजे गांधीजींचे शहर. १९१८ चा गिरणी संप आणि त्यांचा उपवास इथलाच. १९२० मध्ये मजूर महाजन संघ उभा राहिला तोही इथेच. संघटना खात्याखात्याची बांधली गेली. खाती जातीची होती, म्हणून संघटनाही जातीच्या चौकटीतच राहिली. मालक-मजूर एका कुटुंबातले, असे सांगणाऱ्या या संघटनेने कुटुंबातल्या वेगळ्या मडक्याविरुद्ध लढा उभारला नाही. १९८१ मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या राखीव जागांवरून शहरात दलितांवर हल्ले झाले. इला भट्ट यांनी जाहीरपणे दलितांची बाजू घेतली, आणि मजूर महाजनने त्यांना त्यांच्या 'सेवा' संघटनेसह बाहेर काढले. काकांना ते दिवस तारखेनिशी आठवत नाहीत. रात्री चाळीच्या तोंडावर पहारा द्यायला बसत, ते आठवते.

काका रिव्हरफ्रंटवर एकदाच गेलेत, नातवाबरोबर. कसे वाटले विचारले तर म्हणाले, "छान आहे. बसायला जागा आहे." पुढे काही बोलले नाहीत. आम्हीही त्यांच्या तोंडी आमचे भाषण घालत नाही.

नदीकाठच्या झोपड्यांची गोष्ट वेगळी आहे, पण धागा तोच. गिरण्या बंद पडल्यावर शहरात जे पडेल ते काम करून जगणारी माणसे या काठावर होती, बहुतेक दलित, मुस्लिम, देवीपूजक. रहिवाशांच्या सबरमती नागरिक अधिकार मंचाने २००५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली, म्हणून पुनर्वसन तरी पदरात पडले. दहा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळाली. पण ती कुठे? बहुतेकांना काठापासून, कामापासून दूर. काहींना आधी पिपळजजवळच्या गणेशनगरात कचरा डेपोच्या शेजारी आखलेल्या तुकड्यांवर नेऊन सोडले होते. एलिस पुलाखाली भरणाऱ्या गुजरी बाजाराचे विक्रेतेही संघटित होऊन कोर्टात गेले, म्हणून त्यांना नव्या काठावर जागा मिळाली. संघटित व्हा, हे बाबासाहेबांचे सांगणे आपण बॅनरवर छापतो. इथे फेरीवाल्यांनी ते वापरून दाखवले.

आता 'माता नी पछेडी' घ्या. देवीपूजक समाजाला मंदिरात प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी कापडावरच देवीचे मंदिर रंगवले, असे या कलेबद्दल सांगितले जाते. बहिष्कारातून जन्मलेली ही कला. तिचे कापड धुवायला वाहते पाणी लागते आणि ते पाणी साबरमतीचे होते. २०२३ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन आणि तिच्या एका ज्येष्ठ कलावंताला पद्मश्री मिळाली. चांगलेच झाले. पण नदी आता अडवलेल्या पाण्याची झाली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंत आहे. कापड दुकानात हवे, ते धुणारे हात काठावर नकोत.

परतीच्या वाटेवर आमच्यातच वाद झाला. एका मुलाने सरळ विचारले, "मग काय नदी घाणच ठेवायची होती का?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही त्याला वासणाच्या बंधाऱ्याखालची गोष्ट सांगितली. बंधाऱ्याच्या खाली तीच साबरमती कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी घेऊन वाहते. गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली. जिथे फोटो काढले जातात तेवढी नदी स्वच्छ झाली. घाण संपली नाही, ती खालच्या गावांकडे सरकली. घाण कुणी कुणाकडे सरकवायची, हे या देशात फार पूर्वीच ठरलेले आहे.

पण आमचा खरा सवाल घाणीचा नाही, आठवणीचा आहे. सांस्कृतिक काठ म्हणजे शहर स्वतःबद्दल काय लक्षात ठेवणार याची निवड. सराभाई कुटुंबाने १९४९ मध्ये सुरू केलेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय आजही नावाजलेले आहे. कॅलिको गिरणी मात्र नव्वदच्या दशकात बंद झाली. कापड उरले, कामगार गेला. गांधी आश्रमाच्या पुनर्विकासाला सुमारे १२०० कोटींची योजना आहे. थ्रॉसल खाते, तिथले मडके, छातीत गेलेला कापूस यांना शहराच्या आठवणीत किती जागा आहे? आणि दलितांकडे संस्कृती नव्हती असेही नाही. गुजरातच्या दलित पँथरने १९७८ मध्ये 'आक्रोश' हे कवितेचे नियतकालिक याच शहरातून काढले. ते रिव्हरफ्रंटच्या कितीतरी आधीचे.

इथे बोट आमच्याकडेही वळते. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते दादरच्या इंदू मिलमध्ये शिरले, जमीन मिळेपर्यंत लढले. २०१५ मध्ये स्मारकाचे भूमिपूजन झाले. तो विजय आमचा आहे. पुतळ्याची उंची ३५० फूट, हे आमच्या कुठल्याही मुलाला पाठ आहे. पण ज्या जमिनीवर तो उभा राहणार ती गिरणी होती. मुंबईच्या गिरण्यांत आपल्याच बापजाद्यांना विणखात्याचा दरवाजा बंद होता. त्या स्मारकात या माणसांसाठी एक खोली असावी, त्यांचे आवाज, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची कार्डे असावीत, अशी मागणी आपण मोर्चात कधी केली? आम्ही तरी केली नाही. आणि उद्या सरकारने खोली दिलीच, तर तिच्यात ठेवायला आपण काय गोळा केले आहे?

वापीच्या पुढे गाडी बराच वेळ थांबून होती. वाद घालणाऱ्या मुलाने मोबाईल ठेवला आणि म्हणाला, "माझे आजोबा मिलमध्ये होते. कुठल्या खात्यात ते मी कधी विचारलेच नाही." मग वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहायला बसला. कुठली मिल, कुठले खाते, पाणी कुठे प्यायचात, संपात काय खाल्ले. येत्या रविवारी आम्ही त्याच्या आजोबांकडे विक्रोळीला जाणार आहोत. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून न्यायचे ठरले आहे.