निळी ज्योत, खारा वारा

चौल-रेवदंड्याकडे घर असलं की लोखंडाकडून फार अपेक्षा ठेवायच्या नाहीत. खिळे, बिजागऱ्या, विहिरीवरची कप्पी, सायकलची साखळी, सगळ्यांना खारा वारा पोखरत असतो. समुद्र आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नारळी-पोफळींची अख्खी वाडी असली तरी तो यायचा तिथे येतोच. शेगडीच्या पत्र्याला आधी पायाशी फोड येतात, मग जाळीचा रंग उडतो, अॅल्युमिनियमच्या बर्नरवर पांढरी भुकटी धरते. पितळी बर्नर जरा हिरवट होतो, पण टिकतो. म्हणून आमच्या गावात शेगडी घेताना काचेची की स्टीलची हे नंतर बघतात, आधी बर्नर उचलून हातात तोलतात.

मी लहान होते तेव्हा घरात चूल होती, वैलासकट. जळण वाडीतलंच, झावळ्या, सोडणं, करवंट्या. सकाळचा चहा आणि आल्यागेल्याचं मात्र स्टोव्हवर. हा पंपाचा स्टोव्ह आपलं दुखणं स्वतःच बोंबलून सांगायचा. भोक बुजलं की ज्योत एकीकडे झुकायची, वॉशर सुकला की पंप पोकळ जायचा, आवाज फाटला की आजी ओट्याकडे न बघता म्हणायची, "पीन मार." पदर कमरेला घट्ट खोचल्याशिवाय ती कुणाला स्टोव्हजवळ येऊ देत नसे. स्टोव्हच्या भडक्यात गेलेल्या बायका प्रत्येक गावाला माहीत होत्या. त्यातल्या कितीजणींना खरोखर स्टोव्हनंच मारलं, हे मात्र कुणी मोठ्यानं विचारत नसे.

गॅस मी पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला, मावशीकडे. बर्मा शेल कंपनीनं १९५५ मध्ये मुंबईत बर्शेन नावानं गॅस विकायला सुरुवात केली होती, आणि मावशी पुढे कितीतरी वर्षं सिलेंडरला बर्शेनच म्हणायची. आमच्याकडे तो यायला ऐंशीचं दशक निम्मं सरलं. नाव नोंदवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. खासदारांच्या कोट्यातली कूपनं असत, पण त्यासाठी ओळख लागे. गंमत अशी की गॅस आमच्या समोरच्या समुद्रातूनच येत होता. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं, तिथला वायू उरणला किनाऱ्यावर आला. उरणला त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढू लागले, आणि थळच्या खत कारखान्यासाठी नळ जमिनीखालून आमच्या तालुक्यात आला. उरणच्या, थळच्या लोकांनी जमिनी दिल्या. त्यातल्या पुष्कळ घरांत तेव्हाही चुलीच होत्या. हे मला आजही पटत नाही.

गॅस आला तेव्हा आईला सगळ्यात आधी खटकली ती त्याची शांतता. स्टोव्ह पेटलाय की नाही हे माजघरातून कळायचं. गॅसची ज्योत वाऱ्यानं विझली तरी नुसता फुसफुस आवाज, तोही कान लावला तर. बिघाड ऐकण्याची सवय मोडून बघण्याची आणि हुंगण्याची सवय लावून घ्यावी लागली. ती तिनं अशी लावून घेतली की घरातल्या कुणालाही रात्री रेग्युलेटर बंद केल्याशिवाय झोप येईना.

बघायचं म्हणजे ज्योतीचा रंग. निळी, आखूड, ताठ ज्योत म्हणजे ठीक. पिवळी, लांब, आळसटलेली ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. बर्नरची भोकं ऊतू गेलेल्या दुधानं, खिरीनं बुजलीत किंवा खालची नळी तुंबलीय. पण किनाऱ्यावर इथेच फसगत होते. वाऱ्यातलं मीठ, हातातून सांडलेलं मीठ ज्योतीत पडलं की तीही पिवळी-केशरी ठिणगते. सोडियमचा तो गुणच. आईला सोडियम माहीत नव्हतं, परीक्षा मात्र माहीत होती. पातेल्याच्या बुडाला काजळी धरली तर दोष बर्नरचा, नाही धरली तर वाऱ्याचा. काजळी धरणारी ज्योत गॅस वाया घालवते हे कमीच. बंद स्वयंपाकघरात ती कार्बन मोनॉक्साइडही सोडते, आणि त्याला वास नसतो.

ज्योत बर्नर सोडून वर उडायला लागली तर हवा जास्त. आणि घरघर आवाज करत आतच, जेटपाशी पेटली तर ताबडतोब बंद. बर्नर गार होऊ द्यायचा, काढायचा, साबणाच्या गरम पाण्यात ठेवायचा, भोकं एकेक मोकळी करायची, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा. जेटच्या पितळी भोकात मात्र दाभण, टाचणी काही घालायचं नाही. ते भोक केसभर मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. स्टोव्हच्या पीनवर वाढलेल्या पिढीला हे पटवणं फार अवघड गेलं. फिरवायची चावी जड झाली तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं. ते काम माणूस बोलावूनच.

अलिबागहून येणारा आमचा मिस्त्री बंद बंगल्यांच्या गोष्टी सांगतो. मुंबईकरांचे बंगले पावसाळाभर बंद असतात. बर्नरखालच्या नळीत कोळी जाळं करतो, आणि दिवाळीत मंडळी येऊन शेगडी पेटवतात ती नेमकी आत पेटते. "नवी शेगडी मागवू का, म्हणतात. मी बाटली धुवायचा बारीक ब्रश काढतो." त्याचा आवडता छंद म्हणजे नारिंगी नळीवरची तारीख वाचणं. आत तारेची जाळी असलेली ही सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, वरून कितीही धडधाकट दिसली तरी. सिलेंडरच्या वरच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो, तोही तो आम्हाला वाचायला लावतो. बी-२७ म्हणजे २०२७ च्या एप्रिल ते जूनमध्ये त्या टाकीची तपासणी यायची. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत. ओल्या फरशीवर ठेवलेल्या टाकीचं बूड आमच्याकडे झपाट्यानं गंजतं, म्हणून ती चाकांच्या बैठकीवर, उभीच.

आता वास. या गॅसला मुळात वास नाही; गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. कुजक्या कोबीसारखा वास, असं म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर कोबीचं कुणाला काय! स्वयंपाकघरात जवळा भाजला जात असतो, डब्यात सुके बोंबील असतात. तरी आई त्या सगळ्यातून गॅस बरोबर ओळखायची. मग शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, टाकीवर टोपी, दारं-खिडक्या उघड्या. दिव्याच्या बटणाला हात नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. मग अंगणात जाऊन फोन. १९०६ हा गळतीचा नंबर दाराच्या मागे खडूनं लिहिलेला असे. किरकोळ शंका असेल तर जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे एक काका आमच्या नात्यात होते. त्यांना आई स्वयंपाकघरात येऊच देत नसे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरची दैना सगळ्यांनी पाहिली. आमच्या वाडीतही पोफळी आडव्या झाल्या. वीज गेली, फोन गेले. फोन नाही तर सिलेंडरचं बुकिंग नाही. टाकी पुरवून वापरायची म्हणून दादानं परसात तीन दगड मांडले, आणि पडलेल्या झाडांच्या ओल्या जळणावर भात शिजू लागला. वहिनीनं आयुष्यात चूल पेटवली नव्हती. आई बाजूला बसून फुंकणी कशी धरायची ते सांगत होती, आणि मला वाटतं, बऱ्याच दिवसांनी तिला मजा आली.

पुढच्या वर्षी घरात सगळ्यांना करोना झाला. बाकीच्यांचा वास परत आला, आईचा नाही. वयही होतंच. तिला स्वतःला हे कळायलाही वेळ लागला. वहिनी वाडीतून धावत आली तेव्हा आई चावी अर्धवट फिरलेल्या शेगडीपाशी निवांत तांदूळ निवडत होती. ज्या नाकाच्या भरवशावर ते घर इतकी वर्षं चाललं होतं, ते नाकच गेलं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सगळं मिळतं. नाकाचं काय करायचं?

गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं, ते आणलं. बसवायला आलेल्या मुलानं ते छताजवळ ठोकलं. वहिनीनं त्याला तिथल्या तिथे काढायला लावलं. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. ओट्यावर वास येईपर्यंत ओट्याखाली तळं झालेलं असतं. मग यंत्र खाली, फरशीपासून वीतभर वर, टाकीच्या अंगाला लागलं. आईला ते आवडत नाही. तिच्या मते ते मूर्ख आहे. सॅनिटायझरची बाटली उघडली तरी बोंबलतं, दादानं अत्तर लावलं तरी. वाजलं की ती गुडघ्यावर हात टेकून उठते, आधी रेग्युलेटर बंद करते, खिडकी उघडते आणि मग खाली वाकून त्या यंत्राला मनसोक्त शिव्या घालते.